खालून वर निवडलेल्या ओळी

एक्सेलच्या कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये (अट पूर्ण झाली की सेलला आपोआप रंग देणारी सोय) स्वतःचा फॉर्म्युला लिहिणार असाल, तर आधी कोणती सेल अ‍ॅक्टिव्ह आहे (म्हणजे निवड जिथून सुरू केली ती सेल) ते बघा. एवढं एक वाक्य मला कोणी सांगितलं असतं तर माझ्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या. फॉर्म्युल्यात डॉलर ($) कुठे लावायचा हे सगळे सांगतात, हे मात्र मला कुठेच वाचायला मिळालं नाही. त्याचा राग अजून आहे.

माझी 180 कामांची यादी होती, ओळ 2 ते 181. डी कॉलममध्ये मुदत, ई कॉलममध्ये स्थिती. मुदत उलटलेल्या कामाची अख्खी ओळ लाल व्हावी, एवढंच हवं होतं. एक्सेलमध्ये ओळी निवडल्या, न्यू रूलमध्ये जाऊन लिहिलं: =$डी2<टुडे() (शीटमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत). टुडे() म्हणजे आजची तारीख. डॉलर फक्त डीच्या आधी, म्हणजे कॉलम जागचा हलत नाही आणि ओळ बदलत जाते. सेलवर क्लिक करून पत्ता घेतला तर 2 च्या आधीही डॉलर येतो. तो काढावाच लागतो.

ओके म्हटलं, आणि खालून दुसरी ओळ सोडून सगळी यादी लाल!

काही कामांना मुदतच नव्हती. एक्सेलला तारीख म्हणजे एक आकडाच; रिकामी सेल शून्य धरली जाते आणि शून्य आजच्या तारखेपेक्षा लहानच, त्यामुळे तिथे घोळ असणार असं वाटलं. म्हणून सेल रिकामी नसेल आणि मुदत उलटली असेल तरच, असा फॉर्म्युला केला: =अँड($डी2<>"",$डी2<टुडे()). आता सगळं पांढरं झालं, फक्त ओळ 181 लाल. तिची मुदत पुढच्या महिन्यातली. आणि ओळ 2, जिची मुदत कधीच उलटून गेली होती, ती पांढरी.

मग तारखांवर संशय आला. 11 तारखा खरोखरच मजकूर म्हणून पडल्या होत्या. त्या सेलच्या डाव्या कडेला चिकटलेल्या दिसतात, खऱ्या तारखा उजवीकडे असतात. तुलनेत मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो, त्यामुळे अशी ओळ कधीच लाल होणार नाही. एक्सेलच्या टेक्स्ट टू कॉलम्स या सोयीने त्या खऱ्या तारखांमध्ये बदलल्या. ते काम करायलाच हवं होतं, पण रंगात काडीचा फरक पडला नाही. एरर नाही, इशारा नाही, काही नाही. तिथेच पहिली संध्याकाळ संपली.

दुसऱ्या दिवशी ए2 वर उभा राहून मॅनेज रूल्स (केलेल्या रूल्सची यादी) उघडलं. मी लिहिलेल्या $डी2 च्या जागी $डी1048399 होतं. हा आकडा मी टाइप केलेलाच नव्हता. शीटमध्ये एकूण ओळी 1048576, म्हणजे माझी पहिली ओळ शीटच्या तळाशी असलेली रिकामी सेल तपासत होती.

तेव्हा उलगडा झाला. शेवटचं काम नुकतंच भरलं असल्यामुळे कर्सर खाली होता, आणि मी शिफ्ट दाबून खालून वर निवड केली होती. निवडलेल्या ओळी त्याच, पण अ‍ॅक्टिव्ह सेल ए181. एक्सेल फॉर्म्युला अ‍ॅक्टिव्ह सेलसाठी लिहिला आहे असं धरतं. त्यामुळे ओळ 181 बघत होती डी2 कडे, ओळ 180 बघत होती डी1 मधल्या शीर्षकाकडे (पहिल्या वेळी तीच एकटी पांढरी राहिली होती), आणि त्याच्या वरच्या सगळ्या ओळी शीटच्या माथ्यावरून फिरून तळाशी जात होत्या.

रूल काढून टाकला. ए2 पासून खाली निवड केली, फॉर्म्युला बारच्या डावीकडच्या नेम बॉक्समध्ये ए2 दिसतंय याची खात्री केली, आणि तोच फॉर्म्युला, एक अक्षरही न बदलता, पुन्हा टाकला. नेमक्या हव्या त्या ओळी लाल झाल्या. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

फॉर्म्युल्याच्या खिडकीत बाण दाबला की कर्सर हलण्याऐवजी भलताच सेलपत्ता घुसतो, तेव्हा आधी एफ2 दाबा. गूगल शीट्समध्ये फॉर्म्युला रेंजच्या डावीकडच्या वरच्या सेलपासून मोजला जातो, त्यामुळे तिथे निवड कुठूनही करा. आणि रूल करण्याआधी फॉर्म्युला बाजूच्या मोकळ्या कॉलममध्ये लिहून खाली ओढा: ट्रू कुठे आणि फॉल्स कुठे ते समोर दिसतं. मी आता हे दर वेळी करतो. पूर्ण झालेली कामं लाल नको होती, तेव्हा $ई2<>"झालं" ही अट अँडमध्ये याच पद्धतीने घातली. दोन मिनिटं लागली.