तुम्ही विचारलंत म्हणून: प्रिंट चिकटवून का देत नाही

“चिकटवून का देत नाही?” साताऱ्यात फ्रेमिंगचं काम करायला लागल्यापासून हा प्रश्न माझ्या पाठीच लागलाय. पावसाळ्यात तर तो रोजचाच. तक्रार एकच असते. मे महिन्यात सपाट दिसणारी प्रिंट जुलैत काचेमागे हलकीशी लहर धरते, बाजूने उजेड पडला की ती जास्तच दिसते. “ताई, प्रिंट पंधराशेची, फ्रेमचे साडेतीन हजार घेतलेत, आणि तरी कागदाला फुगवटा? शेजाऱ्यांची फ्रेम बघा, एक सुरकुती नाही.”

शेजाऱ्यांच्या फ्रेममध्ये सुरकुती नाही, कारण त्यांचं चित्र एमडीएफवर, म्हणजे लाकडाच्या लगद्याच्या दाबीव फळीवर, कायमचं चिकटवलंय. तसं मलाही करता येतं. वेळ कमी लागतो, खर्च कमी येतो, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. तरीही मी करत नाही. यात हट्ट आहे हे मान्य, पण नुसता हट्ट नाही.

कागद हवेतली ओल पितो. पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि तेही सगळ्या बाजूंनी सारखं नाही. ओल लागली की कागदातला तंतू जाडीला फुगतो, लांबीला फारसा वाढत नाही. त्यामुळे तंतू ज्या दिशेने पडलेत त्याच्या आडव्या अंगाने कागद जास्त पसरतो. कासच्या बाजूने ढग उतरायला लागले की इथल्या भिंतींना घाम फुटतो, तिथे कागदाने काय करावं? चारही कडा टेपने जखडल्या तर त्याला सरकायला जागा उरत नाही, मग तो मधेच उचलतो. पूर्ण पाठ चिकटवली तर उचलत नाही, पण ताण जातो कुठे? कधी मागचा बोर्ड वाकतो, कधी डिंक जागोजागी सुटून फोड येतात.

म्हणून मी चित्राला वरच्या कडेला, मागच्या बाजूने, दोन बिजागऱ्या लावते. बोटाच्या पेराएवढ्या, जपानी कागदाच्या. बाकी चित्र मोकळं लोंबतं. पुढे माउंट असतो, म्हणजे मधे खिडकी कापलेला आम्लरहित जाड पुठ्ठा, त्याच्या जाडीमुळे काच चित्राला टेकत नाही. काच टेकली की मधे ओल धरते, शाई नाहीतर वार्निश काचेला चिकटतं, आणि पुढे कधी काच उचलली की चित्राचा पापुद्रा तिच्याबरोबर येतो. बिजागरीला खळ वापरते ती गव्हाच्या सत्त्वाची. कुरडयांसाठी आपण गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढतो ना, तेच सत्त्व, फक्त आणखी धुऊन शुद्ध केलेलं. ते पाण्यात शिजवायचं, गाळायचं, पातळ करायचं. ही खळ किती का वर्षांनी होईना, ओलाव्याने सुटते. सुतारकामाचा पांढरा गोंद एकदा वाळला की असा सुटत नाही. सेलोटेपचा डिंक तर कागदात मुरतो आणि तपकिरी डाग पाडतो.

खळीला कसर लागते, हेही तुम्ही मला ऐकवता. लागते. म्हणूनच ती दोन पेरांपुरती वापरायची, आणि मागची बाजू कागदी टेपने नीट बंद करायची.

आणि बिजागरी मुद्दाम कमजोर ठेवायची. फ्रेम भिंतीवरून पडली, हिसका बसला, तर बिजागरी फाटावी, चित्र फाटू नये. “एवढ्याशा कागदावर लटकवलंय होय!” असं म्हणणाऱ्यांना हे समजावताना माझी दमछाक होते.

आता एक प्रसंग सांगते. तो सांगितल्याशिवाय माझं म्हणणं कुणाला पटणार नाही, आणि सांगून पटेलच असंही नाही.

कराडच्या एक काकू जुनी तसबीर घेऊन आल्या. मांडीवर वीणा घेतलेली सरस्वती, बाजूला मोर. रविवर्मा प्रेसची ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छपाई. हा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. काकूंचं माहेर औंधचं. चित्र आजोबांच्या माजघरात असायचं, आणि वाटणीच्या वेळी काकूंनी तेवढंच मागून घेतलं होतं. काच तडकलेली, चौकटीला वाळवी. त्यांच्यासमोरच मी मागचे गंजलेले खिळे उपसले. आत पुठ्ठा नव्हता, खोक्याच्या फळ्या शेजारी शेजारी ठोकल्या होत्या. त्या काढल्या तर चित्राच्या पाठीवर सगळ्या फळ्या उमटलेल्या. जिथे दोन फळ्यांमध्ये फट होती तिथे तपकिरी पट्टा, आणि एका फळीला गाठ होती तिचा गोल डाग. लाकडातलं आम्ल आणि फटीतून आलेली हवा कागदाला अशी जाळते.

पण चित्र मोकळं होतं. इतक्या वर्षांत कुणीही ते कशाला चिकटवलं नव्हतं. मी ते दोन्ही हातांवर घेऊन सुलटं केलं आणि काकूंच्या हातात भिंग दिलं. मोराच्या मानेवरचे ठिपके त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड असतो, एकावर एक रंग चढत जातात, आणि शेवटी तैलचित्रासारखं दिसावं म्हणून वार्निश. खालच्या समासात बारीक इंग्रजी अक्षरांत प्रेसचं नाव, पुढे कारला–लोणावळा. “हे तर कधी दिसलंच नव्हतं गं,” काकू म्हणाल्या. दिसणार कसं, जुन्या चौकटीच्या पट्टीखाली झाकलं होतं. मी खर्च सांगितला. “घरी विचारते,” म्हणाल्या. दोन स्वच्छ पुठ्ठ्यांत घालून चित्र त्यांना दिलं.

दिवाळीनंतर त्या परत आल्या, पिशवीत चकचकीत सोनेरी पट्टीची फ्रेम. पुतण्याने त्यांच्या सत्तरीला भेट म्हणून परस्पर करून आणली होती. चित्र गरम प्रेसखाली एमडीएफवर चिकटवलेलं, वरून कॅनव्हाससारख्या खडबडीत पोताची लॅमिनेशन फिल्म. समास कापून टाकलेला. प्रेसचं नाव गेलं. मोराच्या मानेवर मी भिंग धरलं तर फिल्मच्या जाळीशिवाय काही दिसेना.

“वरचं प्लास्टिक तेवढं काढून दे,” काकू म्हणाल्या.

मी कडेला, पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, सुरीच्या टोकाने फिल्म नखभर उचलून बघितली. फिल्मच्या आतल्या अंगाला निळा रंग लागून आला. तिथेच थांबले. फिल्मचा डिंक ज्या द्रावणाने सुटेल, त्यानेच वार्निश सुटायची भीती. मागून एमडीएफ खरवडत यावं तर शेवटी हातात राहतो तो पातळ, गोंद प्यायलेला कागद. एखादी संवर्धन प्रयोगशाळा हे काम महिनोन्‌महिने लावून, कणाकणाने करू बघेल. माझ्या टेबलावर ते होणारं नव्हतं. तसं मी काकूंना सांगितलं. त्यांनी फ्रेम परत पिशवीत घातली आणि म्हणाल्या, “त्याने मायेने केलंय गं. तो आला तर त्याला काही बोलू नकोस.”

तो पुढे आला, स्वतःचे फोटो फ्रेम करायला, आणि विषय त्यानेच काढला. “ताई, त्या फ्रेमला वाळवी लागली होती. तशीच ठेवली असती तर दोन पावसाळ्यांत चित्र गेलं असतं. आता काकू ओल्या फडक्याने पुसतात. आणि रविवर्म्याची खरी चित्रं औंधच्या संग्रहालयात आहेतच की. ही छापील.”

औंधला आहेत हे खरं. भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 साली यमाईच्या डोंगरावर ते संग्रहालय उभारलं, तिथे रविवर्म्याची तैलचित्रं लावलेली आहेत. पण त्याच्या घरातली वस्तू ही तैलचित्राची बदली नव्हती. दगड, शाई, वार्निश, समासातली ती ओळ, पाठीवरचे फळ्यांचे पट्टे, हे सगळं मिळून ती वस्तू होती. काकूंना शब्द दिला होता म्हणून मी हे त्याला बोलले नाही. आणि खरं सांगायचं तर वाळवीच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तरही नव्हतं. चित्र जसंच्या तसं राखायला जो खर्च मी सांगितला होता, तो त्या घराला परवडला नसेल, तर चित्राने वाळवीच्या तोंडी जावं असं मी म्हणणार का? नाही म्हणणार. मग? त्याच पैशांत आम्लरहित पुठ्ठा, साधी काच आणि साधी सागवानी पट्टी झाली असती. पण सपाट आणि चकचकीत दिसलं नसतं, आणि भेट म्हणून द्यायला ते त्याला आवडलं असतं का, मला सांगता येत नाही.

सुरुवातीची मी फार कडक होते. चिकटवणं म्हणजे पाप, आणि प्रत्येक प्रिंटला यूव्ही काच, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारी काच, हवीच. आज त्या मुलीशी माझं पटत नाही. यूव्ही काच चांगलीच, पण डोळ्यांना दिसणारा उजेडही रंग उडवतो, आणि त्याला ती काच अडवत नाही. उजेड लक्समध्ये मोजतात; संग्रहालयं कागदावरच्या चित्रांवर 50 लक्सच्या आसपास उजेड ठेवतात, आणि भर उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत जातो. पश्चिमेच्या खिडकीसमोर चित्र लावणार असाल तर महागातली काच घेण्यापेक्षा भिंत बदला, असं मी आता सांगते. पावसाची झड बसणारी बाहेरची भिंतही टाळा. लहर अगदीच खुपत असेल तर प्रिंट मुळात कॉटन रॅग, म्हणजे कापसाच्या तंतूंच्या, जाड कागदावर काढून घ्या, चौरस मीटरला 300 ग्रॅमच्या आसपास वजनाच्या. जाड कागद कमी हलतो. कमी म्हणजे अजिबात नाही असं नव्हे.

आणि हो, पोस्टर मी चिकटवून देते. उद्या पुन्हा छापून मिळेल, मग कशाला हट्ट, असा माझा हिशेब. पण हा हिशेब मला पूर्ण पटलेला नाही. काकूंची सरस्वतीसुद्धा तिच्या काळात घराघरांत लावायलाच छापलेली होती. तेव्हाही कुणाला तरी वाटलंच असेल की बाजारात दुसरी मिळेल. आज मी बोर्डवर दाबून बसवते त्यातलं कुठलं पोस्टर पुढे कुणाला सोडवावंसं वाटेल, हे मी कशावरून ठरवणार? सुरुवातीची मी इथे मला धरते, आणि मला सुटता येत नाही.

तरी चिकटवते, कारण पाचशे रुपयांच्या पोस्टरला बिजागऱ्यांचा खर्च मी कुणाच्या गळ्यात मारू शकत नाही. मात्र आधी विचारते: हे पुन्हा मिळेल ना? कुणाची सही, तारीख, काही आहे का यावर? गिऱ्हाईक जरा जरी घुटमळलं तर चिकटवत नाही, मग ते दुसऱ्या दुकानात गेलं तरी चालेल. समास कुणाचाच कापत नाही, पट्टी मोठी घेते. आणि चिकटवलंच तर बोर्डच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवते, कुठला डिंक वापरला, किती गरम केला, कुठल्या साली.