मेटल मिलिशिया आणि राग भूप

दुपारचे जेवण झाल्यावर मी जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी बांधत बसलो होतो. मोबाइलवर एकामागून एक गाणी आपोआप वाजत होती आणि त्यांच्यामध्येच एक कोरडा, निर्विकार, जवळजवळ सरकारी म्हणावा असा आवाज उमटला : ‘बेस सोलो, टेक वन.’ हातातली सुतळी हातातच राहिली. मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या पहिल्या अल्बमवरचा, म्हणजे ‘किल एम ऑल’वरचा हा आवाज रेकॉर्डिंग इंजिनिअरचा आहे. फितीवर ओळख राहावी म्हणून अशी घोषणा करायची आणि पुढे ती कापून टाकायची, असा स्टुडिओचा शिरस्ता असतो. येथे ती कोणी कापली नाही, किंवा कापायची नाही असे कोणीतरी ठरवले.

ध्वनिमुद्रणात राहून गेलेल्या अशा आवाजांचे मला वेड आहे. जुन्या मैफलींच्या फितींमध्ये गायक तबलावादकाला पुटपुटत काही सांगतो, तंबोऱ्याची एखादी तार पुन्हा लावली जाते, पहिल्या रांगेतले कोणीतरी अवेळी दाद देते, आणि मुख्य गाणे बाजूला ठेवून मी तेवढाच तुकडा पुन्हा ऐकतो. घरातल्यांना हा विक्षिप्तपणा वाटतो आणि त्यांचे फारसे चूक नाही. पण ‘टेक वन’नंतर जे येते ते ऐकण्यासाठी मला कोणतेही निमित्त लागत नाही. ‘ॲनस्थीशिया (पुलिंग टीथ)’ नावाच्या या तुकड्यात पहिला बराच वेळ फक्त क्लिफ बर्टनची बेस गिटार आहे. बेस हे वाद्य एरवी मागे राहून गाण्याला जमीन देते. क्लिफने ते डिस्टॉर्शन आणि वा-वा या आवाज खरखरीत करणाऱ्या आणि वळवणाऱ्या पेडलमधून काढून, पिक (तार छेडायची छोटी पट्टी) न वापरता बोटांनी वाजवून, असे काही बोलते केले की ऐकणाऱ्याला ती गिटारच वाटावी. लॉस एंजेलिसमधल्या ‘व्हिस्की अ गो गो’ या क्लबात मेटालिकाचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड आणि ड्रमवादक लार्स उल्रिक यांचीही हीच फसगत झाली होती. ‘ट्रॉमा’ नावाच्या बँडचा कार्यक्रम चालू असताना त्यांना एक वेडापिसा सोलो ऐकू आला, पण तो वाजवणारा गिटारवादक काही रंगमंचावर दिसेना. मग लक्षात आले की तो बेस वाजवणारा लांब केसांचा मुलगा आहे. त्यांनी त्याला आपल्या बँडमध्ये बोलावले; त्याने अट घातली की मी लॉस एंजेलिसला येणार नाही, तुम्हीच सॅन फ्रान्सिस्कोकडे या. ते गेले. एका बेसवादकासाठी गाव बदलणारा बँड मला त्यानंतरच्या कोणत्याही कीर्तीपेक्षा अधिक आवडतो.

हा अल्बम माझ्याकडे आला तो मात्र मिरजेच्या मावशीच्या घरी, आणि तोही चोरवाटेने. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, पुण्याला इंजिनिअरिंगला होता आणि वसतिगृहात कोणाकडून तरी मिळवलेली एक कॅसेट घेऊन दिवाळीच्या सुट्टीत घरी आला. ती दुसऱ्याला परत करायची होती, उतारा काढायला कोरी कॅसेट घरात नव्हती आणि दुकाने पाडव्यामुळे बंद होती. मावशीच्या कपाटात साठ मिनिटांची एक कॅसेट होती, जिच्यावर तिच्या गाण्याच्या बुवांनी दिलेली राग भूपाची शिकवणी टेप केलेली होती. ती पुसली जाऊ नये म्हणून मावशीने वरच्या दोन्ही खाचांमधले प्लास्टिकचे तुकडे आधीच मोडून ठेवले होते. दादाने त्या खाचांवर चिकटपट्टी लावली. मी दाराशी पहाऱ्यावर होतो.

संध्याकाळी प्रकार उघडकीस आल्यावर मावशी ओरडली नाही, हे अधिक भीतिदायक होते. बुवांचे काही उरले आहे का ते पाहण्यासाठी ती टू-इन-वन मांडीजवळ घेऊन बसली आणि तिने पहिली बाजू सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली. आम्हीही समोर बसून ती ऐकणे भागच होते. ‘हिट द लाइट्स’ हळूहळू मोठे होत आले तेव्हा तिने आवाज कमी केला, ‘द फोर हॉर्समेन’ला ती खिडकीबाहेर पाहत राहिली, आणि ‘टेक वन’नंतर क्लिफ सुरू झाला तेव्हा तिने आवाज थोडा वाढवला. अर्ध्यावर ड्रम येऊन मिळाले तशी ती दादाला म्हणाली, “हा एकटा मुलगा बरा आहे रे. आधी आलाप केला, मग ठेका घेतला. बाकीच्यांना कुणी काही शिकवलेलं दिसत नाही.” त्यानंतर ‘व्हिपलॅश’ आले आणि तिचे मत अधिकच पक्के झाले.

दुसऱ्या बाजूला मात्र तिचे नशीब थोडे उघडले. एक्कावन्न मिनिटांच्या या अल्बमची दुसरी बाजू चोवीस मिनिटांच्याही आत संपते, त्यामुळे तीस मिनिटांच्या फितीवर सहा-साडेसहा मिनिटे शिल्लक राहिली होती. ‘मेटल मिलिशिया’च्या शेवटी गाणे थांबते आणि कूच करणाऱ्या बुटांचा आवाज दूर दूर जात राहतो. तो विरतो न विरतो तोच खट् असा आवाज होऊन बुवा म्हणत, “हं, आता पुन्हा,” आणि पेटीवर भूप सुरू होई. मावशीला ती सहा मिनिटे हवी होती, दादाला त्याआधीचे सगळे हवे होते, त्यामुळे ती कॅसेट पुन्हा कोणालाच पुसता आली नाही. मी तीच ऐकत मोठा झालो. पुढे १९८८ च्या आवृत्तीत ‘मेटल मिलिशिया’नंतर दुसऱ्या बँडांची दोन गाणी जोडलेली ऐकली तेव्हा मला ती घुसखोरी वाटली, गाणी चांगली आहेत, पण त्या जागी पेटी यायला हवी असे माझे कान आजही धरून चालतात.

कॅसेटवरून कॅसेट उतरवण्याची आम्हाला तेव्हा थोडी लाज वाटे, पण हा सगळा व्यवहार त्या बँडच्या घराण्याला धरूनच होता, हे फार नंतर कळले. डेन्मार्कहून अमेरिकेत आलेला लार्स हा मुळात रेकॉर्डवेडा मुलगा. १९८१ मध्ये तो ‘डायमंड हेड’ या आवडत्या बँडला पाहायला इंग्लंडला गेला आणि त्यांच्याकडेच मुक्काम ठोकून राहिला. १९८२ च्या उन्हाळ्यात मेटालिकाने सात गाण्यांची ‘नो लाइफ टिल लेदर’ ही डेमो कॅसेट काढली आणि ती दुकानांतून नव्हे, तर उताऱ्याचा उतारा होत, टपालाने हातोहात फिरली. अशीच एक प्रत न्यू जर्सीच्या जुन्या बाजारात रेकॉर्डचे दुकान मांडून बसलेल्या जॉन आणि मार्शा झझुला या जोडप्याच्या कानी पडली. त्यांनी या मुलांना न्यूयॉर्ककडे बोलावले. कोणतीही कंपनी यांना घेईना तेव्हा त्यांनी स्वतःच ‘मेगाफोर्स’ नावाची कंपनी काढली. ही मुले क्वीन्समधल्या एका तालमीच्या इमारतीत राहत होती. तेथे तालीम करणाऱ्या ‘अँथ्रॅक्स’च्या मंडळींनी त्यांना फ्रिज आणि टोस्टर दिला. ‘अँथ्रॅक्स’ हाही पुढे त्याच पंथाचा मोठा बँड झाला. पण स्पर्धकाला फ्रिज देण्याची पद्धत पुढे टिकली की नाही कोण जाणे.

मे १९८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला, ‘म्युझिक अमेरिका’ या स्टुडिओत, अल्बम ध्वनिमुद्रित झाला आणि २५ जुलैला बाहेर आला. वयांकडे पाहिले की मला आता जरा चमत्कारिक वाटते : हेटफील्ड आणि लार्स एकोणीस वर्षांचे, दुसरा गिटारवादक कर्क हॅमेट वीस, क्लिफ एकवीस. मागच्या बाजूच्या छायाचित्रात चौघांच्या चेहऱ्यांवरून वय लपत नाही. अल्बमला त्यांनी आधी ठेवलेले नाव इतके ग्राम्य होते की वितरकांनी ते नाकारले, आणि चिडलेल्या क्लिफच्या तोंडून वितरकांविषयी जो उद्गार निघाला तेच नवे नाव झाले. मुखपृष्ठावर हातोडा, रक्ताचे थारोळे आणि हाताची सावली. मावशीच्या घरात ही कॅसेट मुखपृष्ठाविना आली हे एकूण बरेच झाले.

या संगीताविषयी दोन गैरसमज सर्रास असतात. एक असा की हा निव्वळ गोंगाट आहे, याला शिकावे लागत नाही. हेटफील्डचा उजवा हात नीट ऐकावा. तळहाताची कड ब्रिजपाशी, म्हणजे गिटारच्या घोडीपाशी, तारांवर टेकवलेली, आणि पिक जवळजवळ प्रत्येक वेळी वरून खालीच येणारी. खाली-वर असे आलटून पालटून वाजवले तर त्याच वेगाला निम्मे श्रम पडतात, पण वर जाणारा फटका हलका लागतो आणि रिफची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्या स्वरतुकड्याची, धार जाते. प्रत्येक स्वराला सारखे वजन हवे असेल तर हात खालीच मारत राहावे लागते, आणि ‘व्हिपलॅश’च्या वेगाला ते करून पाहिल्यावर मनगट दुसऱ्या मिनिटाला हार मानते. हा रियाज आहे. मावशीला तो दिसला नाही, कारण तिचे लक्ष गळ्याकडे होते आणि हेटफील्डचा गळा त्या काळी खरोखरच पोरसवदा, चिरका आणि स्वराच्या आसपास फिरणारा होता. लार्सची लयही ठिकठिकाणी पुढे सरकते. हे दोष मी नाकारत नाही. ते दुरुस्त झालेले अल्बम मेटालिकाने पुढे केले, आणि १९८६ चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ अधिक थोर आहे असे कोणी म्हटले तर मी वाद घालत नाही. ऐकायला मात्र हाच लावतो.

दुसरा गैरसमज असा की हे संतापाचे संगीत आहे. पुढच्याच वर्षीच्या ‘राइड द लाइटनिंग’पासून मेटालिकाने विजेच्या खुर्चीतल्या कैद्यासारखे गंभीर विषय हाती घेतले, आणि ते चांगलेच निभावले. परंतु ‘किल एम ऑल’मधली कितीतरी गाणी, म्हणजे ‘हिट द लाइट्स’, ‘मोटरब्रेथ’, ‘व्हिपलॅश’, ‘मेटल मिलिशिया’, मुळात गाणी वाजवण्याविषयी आहेत : दिवे लागले, आवाज वाढला, माना हलू लागल्या, उद्या दुसरे गाव. जगाची तक्रार करायला या मुलांना अजून सवडच मिळालेली नाही. युद्धाविषयीचे ‘नो रिमोर्स’सुद्धा मला युद्ध न पाहिलेल्या मुलांचे वाटते. त्यांना जोरात आणि वेगाने वाजवायला मिळते आहे, आणि या गोष्टीचा त्यांना झालेला आनंद चाळीस वर्षांनंतरही फितीवरून उडी मारून बाहेर येतो. त्या काळी तो फार थोड्यांपर्यंत पोहोचला. अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत हा अल्बम आला तो १९८६ मध्ये, आणि तोही १५५ व्या क्रमांकावर.

या आनंदात एक माणूस मात्र नाही, आणि वय वाढले तसा तो मला अधिक ऐकू येऊ लागला आहे. डेव्ह मस्टेन हा बँडचा आधीचा गिटारवादक. रॉचेस्टरला जाण्यापूर्वी महिनाभर, एप्रिल १९८३ मध्ये, बाकीच्यांनी त्याला दारू आणि भांडणांपायी सकाळी उठवून बँडमधून काढल्याचे सांगितले आणि कॅलिफोर्नियाच्या बसमध्ये बसवून दिले. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस, अख्खा देश आडवा ओलांडायचा, तोही बसने. त्याच्या जागी ‘एक्झोडस’मधून कर्क हॅमेट आला आणि मस्टेनचे सोलो डोळ्यांसमोर ठेवून त्याने आपले सोलो वाजवले. दहांपैकी चार गाण्यांच्या रचनेत आजही मस्टेनचे नाव छापलेले असते. ‘द फोर हॉर्समेन’ हे त्याचेच ‘मेकॅनिक्स’. मेटालिकाने त्याचे शब्द बदलले, मध्ये एक संथ भाग घातला आणि ते सात मिनिटांचे केले. मस्टेनने ‘मेगाडेथ’ काढून १९८५ च्या पहिल्या अल्बमवर तेच गाणे जुन्या शब्दांत आणि कितीतरी अधिक वेगाने वाजवून दाखवले. त्यातला संताप मात्र अस्सल आहे. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकावीत, आणि कोणाची बाजू घ्यायची ते ठरवू नये. मला ते अजून ठरवता आलेले नाही.

‘जम्प इन द फायर’ हेही मस्टेनचेच, आणि ते मला कधीच आवडले नाही. ‘मोटरब्रेथ’नंतर इतक्या ऐटीत रेंगाळण्याचे काही कारण नव्हते, शिवाय त्याचे पालुपद कोणत्याही बँडच्या हातून झाले असते. दादा सध्या पुण्यात गृहकर्ज, गुडघे आणि दोन मुली सांभाळतो. त्याच्या मते या अल्बमवरचे सर्वांत उत्तम गाणे तेच आहे. गेल्या गणपतीत आमचे यावरून पुन्हा वाजले, आरती खोळंबली, आणि वहिनींनी आता हा विषय घरात काढायला बंदी केली आहे.