चामड्याची जीभ : आमची वाटचाल

तसबिरींना चौकटी करणे हा आमचा मूळ धंदा. पुण्यातील एका कर्णबधिर विद्यालयाच्या बाईंनी वाचा-शिक्षणासाठी सहा आरसे सांगितले, तेव्हा ते भिंतीवर टांगायचे असणार असे आम्ही परस्परच ठरवले. वर्गात गेल्यावर कळले की बाकावर बसलेल्या मुलांना त्यात स्वतःचे कपाळ तेवढे दिसते, ओठ दिसत नाहीत. सहाही आरसे परत आणले आणि बाई व मूल शेजारी बसून एकाच काचेत दोघांचे चेहरे पाहू शकतील असे रुंद, कलते, मेजावरचे आरसे करून दिले.

त्याच भेटीत बाईंनी आवाज न काढता ‘पान’ आणि ‘मान’ म्हणून दाखवले. आरशात तिळाएवढाही फरक नव्हता. तो आवाज काढून म्हणताना नाकपुडीवर बोट ठेवल्यावर लागला : ‘म’ला ती थरथरते. हॉलंडमध्ये स्थायिक झालेले स्विस वैद्य योहान कॉनराड अम्मान यांनी १६९२ साली प्रसिद्ध केलेली, कर्णबधिरांना बोलायला शिकवण्याची रीतही अशीच आहे : शिष्याचा हात आधी गुरूच्या गळ्यावर, मग स्वतःच्या गळ्यावर, आणि समोर आरसा.

‘क’ आणि ‘ट’ मात्र तोंडाच्या आत घडतात. त्यासाठी स्पेनमधील हुआन पाब्लो बोनेत यांनी मुक्यांना बोलायला शिकवण्याविषयी १६२० साली माद्रिदमध्ये छापलेल्या ग्रंथात जीभ कशी ठेवायची हे दाखवायला लवचीक चामड्याची जीभ वापरण्यास सुचवले आहे, आणि चामडे म्हटल्यावर आमच्या कारागिराला राहवले नाही. त्याने चपलेच्या कातड्याची केलेली पहिली जीभ ‘त’पर्यंत ठीक चालली, पण ‘ट’ आणि ‘ळ’साठी टोक मागे वळवावे लागते, तिथे ती अडून बसली. स्पॅनिश शिकवणाऱ्या बोनेत यांना ही अडचण आली नसावी. मग मेंढीचे मऊ कातडे घेऊन आत तांब्याची तार घातली. जिभेसोबतच्या लाकडी टाळूवर कंठ, तालू, मूर्धा (टाळूचा सर्वांत उंच भाग), दात, ओठ अशा खुणा रंगवणे सोपे गेले, कारण शिक्षाग्रंथांनी, म्हणजे उच्चारशास्त्राच्या प्राचीन संस्कृत ग्रंथांनी, लावलेला तो क्रम आपल्या वर्णमालेतच आहे.

बोनेत यांच्या त्याच ग्रंथात बोटांच्या वर्णमालेची चित्रेही आहेत. १८८० साली इटलीतील मिलान येथे भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांत हातांच्या खुणांपेक्षा उच्चाराला वरचढ ठरवले, ते आम्हाला पटत नाही. आमच्या बाईही वर्गात खुणा करूनच जीभ कशी वळवायची ते समजावतात.

‘ळ’च्या सरावाने टोकामागची शिवण लवकर उसवते, म्हणून हल्ली टाळू-जिभेच्या प्रत्येक पेटीत दोन जिभा देतो.