मोझियाला जाताय? आधी मार्सालातलं जहाज बघा

फिनिशियन, म्हणजे प्राचीन काळचे दर्यावर्दी व्यापारी, म्हटलं की लेबनॉनमधली टायर, सायडन ही बंदरं आठवतात. पण व्यापारासाठी हे लोक भूमध्य समुद्राच्या पश्चिम टोकापर्यंत पोचले होते. इटलीच्या सिसिली बेटाच्या पश्चिमेला, मार्सालाजवळच्या उथळ खाडीत मोझिया नावाचं बेट आहे. इ.स.पू. आठव्या शतकात त्यांनी ते वसवलं आणि इ.स.पू. 397मध्ये सिराक्यूज या ग्रीक शहराचा सत्ताधीश डायोनिसियस याने उद्ध्वस्त केलं. वाचलेल्यांनी समोरच्या किनाऱ्यावर लिलिबेऊम, म्हणजे आजचं मार्साला, उभं केलं. बेटावर पुन्हा मोठं शहर झालंच नाही, म्हणून जुने अवशेष अजून मोकळे आहेत.

बहुतेक जण थेट बेटावर जातात. माझं मत उलट आहे. आधी मार्सालातलं लिलिबेओ संग्रहालय करा. जुन्या वाइनच्या गोदामात एका प्युनिक, म्हणजे कार्थेज या उत्तर आफ्रिकेतल्या फिनिशियन शहराच्या, जहाजाचा मागचा भाग ठेवलाय. पाण्याखालच्या पुरातत्त्वाच्या अभ्यासक ऑनर फ्रॉस्ट यांच्या पथकाने 1971 ते 1974 या काळात तो समुद्रतळातून वर काढला. जहाज इ.स.पू. तिसऱ्या शतकातलं, रोम आणि कार्थेजमधल्या पहिल्या प्युनिक युद्धाच्या सुमाराचं. मूळ लांबी अंदाजे 35 मीटर.

इथे घाई करू नका, फळ्यांची जोडणी बघा. फळीच्या कडेला खाच, खाचेत लाकडाची चपटी जीभ, ती हलू नये म्हणून आरपार खुंटी. आधी फळ्यांचं कवच, मग आतला सांगाडा. (आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फळ्या काथ्याने शिवायची रीत होती, गोव्यात बांधलेलं नौदलाचं ‘कौंडिण्य’ हे जहाज त्याच पद्धतीचं.) पण खरी गंमत लाकडावर रंगवलेल्या खुणांमध्ये आहे. कुठला भाग कुठे बसायचा हे सुतारांनी फिनिशियन अक्षरांत लिहून ठेवलंय. म्हणजे भाग आधी तयार करायचे आणि अक्षरं बघत जोडायचे. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की रोमनांनी कार्थेजचं किनाऱ्याला लागलेलं एक जहाज नमुना म्हणून वापरून स्वतःचं आरमार बांधलं. या खुणा बघितल्यावर ते मुळीच अशक्य वाटत नाही.

आता बेट. मार्सालाहून धक्क्यापर्यंत बस कमी असतात. टॅक्सी किंवा भाड्याची सायकल बरी. वाटेत मिठागरं आणि पवनचक्क्या लागतात. बोट दहाएक मिनिटांत पोचवते. बोटीचं तिकीट वेगळं, बेटाचं वेगळं. आणि ज्या बोटवाल्याचं परतीचं तिकीट आहे त्याच्याच बोटीने परतायचं, हे लक्षात ठेवा. सकाळची पहिली बोट धरा, सावली फार कमी आहे. पाणी आणि टोपी हवीच, टोपीला नाडी असलेली बरी: वाऱ्यासाठी इथे काइटसर्फिंगवाले मुद्दाम येतात.

बेटाला चालत फेरी घालता येते. उत्तरेच्या दरवाज्यापासून पाण्याखाली गेलेला प्राचीन रस्ता मुख्य भूमीकडे जातो. दक्षिणेला ‘कोथोन’ हा दगडी बांधणीचा चौकोनी तलाव आहे. याला पूर्वी जहाजांची गोदी समजत आणि जुन्या माहितीपुस्तिकांत तेच छापलेलं आढळेल. पण रोमच्या सापिएन्झा विद्यापीठाच्या उत्खननाने तो गोड्या पाण्याच्या झऱ्यावरचा, देवळांच्या परिसरातला पवित्र तलाव असल्याचं दाखवलं. लहान मुलांच्या अस्थिकलशांचं ‘तोफेत’ बघताना मात्र गाइडच्या रंगवलेल्या कथा जरा जपून ऐका; बळी की बालमृत्यूंची दफनभूमी, हा वाद अजून चालू आहे.

बेटावरच्या व्हिटेकर संग्रहालयात 1979 साली सापडलेला संगमरवरी तरुणाचा पुतळा आहे. अंगावरच्या वस्त्राच्या बारीक चुण्या दगडाच्या आहेत यावर विश्वास बसत नाही. घडण ग्रीक, सापडला फिनिशियन शहरात. व्यापाऱ्यांच्या गावात असंच व्हायचं.

शाकाहारींनी सावध राहावं. इथलं कुसकुस (गव्हाच्या रव्याचे वाफवलेले दाणे) माशांच्या रश्श्यातलं असतं. ‘पाने कुन्झातो’ हा भरलेला पाव चांगला, पण ‘सेन्झा अच्चूगे’, म्हणजे ‘छोटे खारवलेले मासे नकोत’, असं सांगून घ्या.

एक दिवस जास्त असेल तर जवळच्या फावीन्याना बेटावर जा. रोम आणि कार्थेजमधल्या इ.स.पू. 241च्या लढाईत बुडालेल्या जहाजांच्या नाकावरचे, शत्रूच्या जहाजाला धडक द्यायचे काशाचे भाग तिथल्या जुन्या ट्यूना कारखान्यात बघायला मिळतात. वारा वाढला की तिकडच्या बोटी रद्द होतात, तेव्हा त्याच संध्याकाळचं विमान ठेवू नका.