तुम्ही विचारलंत म्हणून : वजन परत वाढलं का?

लग्नकार्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, हल्ली तर सोसायटीच्या लिफ्टमध्येही हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याची नजर आधी माझ्या दंडांवर जाते, मग आवाज खाली येतो. "सात वर्षं झाली ना तुमच्या ऑपरेशनला? नंतर वजन परत वाढतं म्हणतात, खरं का हो?" बरेच जण स्वतःसाठी नाहीतर घरातल्या कुणासाठी विचारत असतात, हे मला आता ओळखू येतं. म्हणून सविस्तर सांगते.

हो, वाढलं. माझं ऑपरेशन म्हणजे वजन कमी करण्यासाठीचा पोटाचा बायपास, हृदयाचा नव्हे : जठर लहान करून ते आतड्याला खालच्या बाजूला जोडतात. तो झाला तेव्हा मी ११८ किलोंची होते. दीड वर्षात ७४ वर आले. आज ८३ आहे.

मधल्या त्या ९ किलोंनी मला फार रडवलं. काटा ७८ वर गेला तशी मी तपासणीला जाणंच सोडलं. एवढं ऑपरेशन करून घेतलं, आता डॉक्टरांना काय तोंड दाखवू? जवळजवळ वर्षभर गेले नाही. शेवटी गेले तेव्हा आहारतज्ज्ञ ताईंनी एका कागदावर रेघ काढली : झपाट्याने खाली, मग थोडी वर, मग आडवी. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं, १० वर्षांनी ही घट २५ टक्के उरली होती. "वर चढणारा हा तुकडा जवळपास सगळ्यांच्या वाट्याला येतो," त्या म्हणाल्या. शरीर जुनं वजन सहजासहजी सोडत नाही, भूक वाढवून बघतं, ऊर्जा कमी खर्च करून बघतं. माझी घट आज ३० टक्के आहे. हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर ते वर्ष मी असं लपून काढलं नसतं.

पण वजनाचंच विचारून थांबू नका. मला ९ वर्षांचा मधुमेह होता, दोन वेळा इन्सुलिन घ्यायचे आणि तरी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ९.४ टक्के. माझ्या आईचे पाय मधुमेहाने कसे गेले ते मी पाहिलं होतं. खरं तर त्या भीतीनेच मी ऑपरेशनच्या टेबलावर गेले, बारीक दिसायला नाही. चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा इन्सुलिन बंद केलेलं होतं. वजन तर अजून उतरलंही नव्हतं! खाणं जेमतेम होतं हे एक कारण. शिवाय बायपासमध्ये अन्न लहान आतड्याचा वरचा भाग टाळून खाली लवकर पोचतं, तिथून काही हार्मोन्स जास्त सुटतात आणि इन्सुलिनला मदत करतात. वर्षभराने तीच सरासरी साखर ५.९ झाली. आज ६.६ आहे, मेटफॉर्मिनची एक गोळी परत सुरू आहे. त्याच स्वीडिश अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर २ वर्षांनी ७२ टक्के लोकांचा मधुमेह आटोक्यात राहिला होता, १० वर्षांनी ३६ टक्क्यांचा. त्यामुळे 'मधुमेह कायमचा बरा होतो' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. पण मधली ही वर्षं माझ्या डोळ्यांना आणि किडनीला मिळाली, त्यांची किंमत मला आईमुळे कळते. रात्री श्वास अडकू नये म्हणून नाकाला मशीन लावून झोपायचे, तेही सुटलं.

आता बाकीचं. तिसऱ्या महिन्यात केस ओंजळीने गळले, पुढे आले. पहिल्या होळीला अर्धी पुरणपोळी खाल्ली आणि वीस मिनिटांत छातीत धडधड, दरदरून घाम, पोटात कळा. साखर एकदम आतड्यात उतरली की असं होतं. जेवताना पाणी प्यायचं नाही, अर्ध्या तासाने प्यायचं. रोज ६० ग्रॅम प्रथिनं शाकाहारी घरात जमवणं हे मोठंच काम आहे; पोट चार घासांत भरतं, म्हणून आधी पनीर किंवा मटकीची उसळ, जागा उरली तर भाकरीचा तुकडा.

आणि गोळ्या जन्मभर. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२. लोह आणि कॅल्शियम एकत्र नाही, मध्ये दोन तास. तपासणी सोडली त्या वर्षी मी बी-१२ सुद्धा सोडलं होतं. तळपायांना मुंग्या यायला लागल्या, चप्पल पायातून निसटली तरी कळेना. मला वाटलं, मधुमेहच उलटला. निघाली ती बी-१२ची कमतरता. इंजेक्शनांनी बरं वाटलं, डाव्या अंगठ्याचा बधिरपणा मात्र अजून आहे.

तेव्हा डॉक्टरांकडे जाल तेव्हा किती किलो उतरतील एवढंच विचारून येऊ नका. पाचव्या वर्षी माझं रक्त कोण तपासणार, आहाराचं कोण बघणार, हेही विचारा. माझे रिपोर्ट बघायचे असतील तर रविवारी सकाळी घरी या. सात वर्षांची फाइल आहे, त्यातलं एक वर्ष रिकामं आहे.