हाडं जुळली, पुढे काय?

आज मैत्रिणीसोबत तिच्या फॉलोअपला गेले होते. रस्ता अपघातात तिचा जबडा आणि गालाचं हाड मोडलं होतं. सर्जन म्हणाले, हाडं छान जुळलीत. ती नुसती मान हलवत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "हॉर्न वाजला की अजून अंग थरथरतं गं. फोटोत यायचं टाळते. लहान मुलं टक लावून बघतात ना, ते सहनच होत नाही."

हे तिनं डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं!

चेहऱ्याच्या दुखापतीनंतर नैराश्य, चिंता, पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणारा आघात) असे त्रास अनेकांना होतात. व्रण केवढा यावरून मनाचा त्रास मोजता येत नाही. बारीकशा खुणेमुळेही कुणी स्वतःला घरात कोंडून घेतं. व्रण निवळायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. तोवर लोक "नशीब, जीव वाचला" म्हणून विषय संपवतात. त्या वाक्याचा मला आज फार राग आला. अपघाताची स्वप्नं, दचकणं, रस्त्यावर जायची भीती महिना उलटूनही थांबत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. सीबीटीसारख्या (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या, बोलण्यातून होणाऱ्या) उपचारांनी बऱ्याच जणांना फरक पडतो.

तिची पहिली अपॉइंटमेंट घेतलीय. मीही सोबत जाणार आहे.