आमची वाटचाल: सिमको लेककाठी इंजिनं शाकारताना

आमच्या धंद्याचा हंगाम गणपती विसर्जनाच्या आगेमागे सुरू होतो आणि दिवाळी उलटली की आटोपतो. कॅनडात आल्यापासून दिवाळीचा फराळ मी बहुतेक वेळा ग्रीस लागलेल्या हातानेच खाल्ला आहे. बोटींची इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेली इंजिनं हिवाळ्याआधी नीट बंद करून ठेवायची आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा चालू करून द्यायची, एवढंच आमचं काम. आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून टांगलेली, आम्ही घेत नाही. रंगकाम, शिवणकाम, ट्रेलर दुरुस्ती हेही नाही.

बॅरी हे ओंटॅरिओतलं शहर टोरंटोच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर, सिमको लेक या सरोवराच्या केम्पेनफेल्ट बे या लांबट फाट्याच्या टोकाला आहे. जानेवारीत या लेकवर बर्फाचा इतका जाड थर धरतो की लोक त्यावर स्नोमोबाइल घालतात, छोट्या खोपट्या उभ्या करतात आणि भोक पाडून मासे धरत बसतात. मे ते ऑक्टोबर मात्र याच पाण्यावर बोटींची जत्रा असते. लेक ओंटॅरिओवरच्या ट्रेंटनपासून जॉर्जियन बेच्या पोर्ट सेव्हर्नपर्यंत जाणारा ट्रेंट-सेव्हर्न हा 386 किलोमीटरचा जलमार्ग याच लेकमधून जातो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी इथलं थँक्सगिव्हिंग असतं. त्यानंतर जलमार्गाची लॉक्स (पाण्याची पातळी वरखाली करून बोटी पुढे सोडणारे दरवाजे) बंद होतात आणि सगळ्यांना एकदमच आपल्या बोटी बाहेर काढायच्या असतात.

मी मूळचा रत्नागिरीचा. आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलं आणि मिरकरवाड्यात एका मिस्त्रींच्या हाताखाली ट्रॉलरच्या इंजिनांवर लागलो. पावसाळी बंदी लागली की बोटी वर ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेच्या आत इंजिन पुन्हा तयार ठेवायचं, हे तिथलं वर्षाचं चक्र. मिस्त्री बोलायला तुसडे, पण त्यांनी एक सवय लावली. नाखव्याला “झालं” म्हणून सांगायच्या आधी ते बोल्ट न् बोल्ट हात लावून बघायचे आणि मलाही बघायला लावायचे. पुढे काही वर्षं दुबईत टगबोटींच्या वर्कशॉपमध्ये काढली आणि 2006 मध्ये आम्ही कॅनडाला आलो. इथल्या एका बोटयार्डात नोकरी लागली. इंजिनं ओळखीची होती, थंडी ओळखीची नव्हती. रत्नागिरीत इंजिनाचा शत्रू खारं पाणी, इथे साधं गोडं पाणीच.

ज्यांनी असली थंडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीच्या रेडिएटरमध्ये बारा महिने कूलंट, म्हणजे सहसा न गोठणारं मिश्रण असतं. बोटीच्या कितीतरी पेट्रोल इंजिनांत मात्र पंप लेकचं पाणी थेट ओढतो, ते ब्लॉकमधून (इंजिनाच्या ओतीव लोखंडी धडातून) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून (धूर बाहेर नेणाऱ्या भागातून) फिरवतो आणि मागे फेकतो. रॉ वॉटर कूलिंग म्हणतात ते हेच. इंजिन बंद केलं की त्यातलं बरंचसं पाणी आतच राहतं. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे 9 टक्के फुगतं आणि ओतीव लोखंड ताणलं जात नाही, फुटतं. इथे थंडी उणे 20 च्या खाली सहज जाते, पण ब्लॉक फुटायला तेवढी लागतच नाही. ऑक्टोबरातली एखादी निरभ्र, कडक रात्रही पुरते. त्यातही धोका आधी कुणाला, तर ट्रेलरवर अंगणात आणून ठेवलेल्या बोटीला. लेकचं पाणी उन्हाळ्याची ऊब बराच काळ धरून ठेवतं, त्यामुळे पाण्यात तरंगणारी बोट त्या मानाने सुरक्षित. अंगणातल्या बोटीला चहूबाजूंनी गार हवा लागते. हे सांगितलं की गिऱ्हाइकं आमच्याकडे संशयाने बघतात, आणि तापमान घसरल्याची बातमी आली की रात्री दहाला फोन करतात.

आणखी एक समजूत इथे घट्ट आहे. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल वाट्या ठोकलेल्या असतात. त्यांना लोक फ्रीझ प्लग म्हणतात आणि बर्फ झाला तर त्या बाहेर पडून ब्लॉक वाचेल, अशा भरवशावर राहतात. त्या वाट्या असतात ओतकामातली वाळू काढायला ठेवलेली भोकं बुजवण्यासाठी. कधी बाहेर पडतात, कधी त्या जागच्या जागी राहतात आणि शेजारचं लोखंड तडकतं.

2012 मध्ये नोकरी सोडली आणि जुनी व्हॅन घेऊन घरोघरी जायला लागलो. पहिल्या शरद ऋतूत कामं मिळाली ती शेजाऱ्यांची आणि यार्डातल्या ओळखींची. त्या वर्षीच्या एका कामावरच आमची पुढची पद्धत उभी राहिली, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

जवळच्या ओरिलिया शहरातल्या एका निवृत्त शिक्षिकेची बोट होती, आत मर्क्रूझरचं 5.7 लिटरचं व्ही-8. तिचा मुलगा दर वर्षी घरच्या घरी काम उरकायचा. दुकानातून गुलाबी अँटिफ्रीझ (गोठू न देणारा द्रव) आणायचं, बादलीत ओतायचं, पाइप लावून इंजिनाला प्यायला द्यायचं, मागून गुलाबी पाणी आलं की झालं. त्या वर्षी तो बाहेरगावी होता. मी मॅनिफोल्डचे प्लग काढले, पाणी आलं. ब्लॉकला दोन्ही बाजूंना अगदी तळाशी एकेक प्लग असतो. डावीकडचा काढला, पाणी आलं. उजवीकडचा काढला, तर थेंबसुद्धा नाही. एखाद्याला वाटेल, रिकामं आहे. मी ताठ तार घेतली आणि भोकात घालून फिरवली. आत गंजाची पापडी आणि गाळ घट्ट बसला होता. चार-पाच वेळा खरवडल्यावर आधी चिखल आला आणि मग काळ्या चहासारखं पाणी भसाभसा बाहेर पडलं, बराच वेळ पडत राहिलं. तिच्या मुलाच्या गुलाबी पाण्याचा त्यात मागमूस नव्हता.

आणि नसणारच. गार इंजिनाचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप, बंद असतो. अशा वेळी बादलीतलं अँटिफ्रीझ ब्लॉकमध्ये शिरतच नाही, वरच्यावर एक्झॉस्टमधून निघून जातं आणि मागे छान गुलाबी रंग दिसतो. इतकी वर्षं ते इंजिन कसं वाचलं, ते त्या गणपतीलाच ठाऊक.

घरी येऊन हे बायकोला सांगितलं. ती लग्नाआधी लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत क्वालिटीला होती. ती म्हणाली, “तुम्ही तार घातलीत, हे त्या बाईंना कसं कळणार? लिहून द्या ना.” तिने त्याच रात्री एक कार्ड आखलं. इंजिनाचं मॉडेल, पाणी निघायच्या प्रत्येक जागेला एक ओळ, आणि पुढे तीन रकाने: पाणी आलं, तार घालून आलं, आलं नाही. “आलं नाही” वर खूण असेल तर काम पुढे सरकायचं नाही, तिथला होज (रबरी नळी) काढायचा, तो भाग उघडायचा. कार्डाची एक प्रत मालकाला, एक आमच्याकडे. वसंतात तेच कार्ड काढून एकेक प्लग तपासतो. फर्मचा सगळा हिशेब तीच बघते, पण माझ्या मते तिचं मोठं काम हे कार्ड.

बाकी पद्धत थोडक्यात. आधी पाण्याचा पाइप लावून इंजिन गरम करायचं, पंप कोरडा फिरवायचा नाही, कारण त्यातला रबरी इम्पेलर बघता बघता जळतो. सुरू करण्याआधी ब्लोअर (हवा बाहेर फेकणारा पंखा) चार मिनिटं चालवायचा, पेट्रोलची वाफ इंजिनखोलीत साठलेली असू शकते. गरम असतानाच तेल आणि फिल्टर बदलायचा, वापरलेल्या तेलातलं आम्ल हिवाळाभर बेअरिंगांवर बसायला नको. मग पाणी काढायचं. मग वरच्या होजमधून हाताने अँटिफ्रीझ भरायचं आणि बाहेर येणारा थेंब रिफ्रॅक्टोमीटरखाली बघायचा, तो किती थंडीपर्यंत टिकेल ते त्यात कळतं.

इथे एक गोम आहे. डब्यावर ठळक अक्षरात उणे 50 लिहिलेलं असतं. ते फॅरनहाइट, म्हणजे सेल्सिअसमध्ये साधारण उणे 46. शिवाय तो पाइप फुटण्यापासून वाचवण्याचा आकडा. त्याच्या कितीतरी आधी त्या द्रवाचा बर्फगोळ्यासारखा लगदा होतो. त्यात ब्लॉकमधलं उरलेलं पाणी मिसळलं की तोही भरवसा संपला. म्हणून पाणी आधी पूर्ण काढल्याशिवाय आम्ही एक थेंब ओतत नाही. वापरतो ते प्रोपिलीन ग्लायकॉलचं. गाडीत घालतात ते इथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड, गॅरेजमधली कुत्री चाटतात. वसंतात बाहेर येणारं अँटिफ्रीझ आम्ही बादलीत धरतो, लेकमध्ये जाऊ देत नाही.

स्टर्नड्राइव्ह असेल, म्हणजे इंजिन आत आणि पंखा फिरवणारा गिअरचा भाग मागे बाहेर, तर गिअरचं तेल काढून बघायचं. ते दुधाळ आलं तर कुठलं तरी सील गेलं आहे, आणि ते आत्ताच कळलेलं बरं. ड्राइव्ह खाली सोडून ठेवायची, म्हणजे आतलं पाणी निथळतं आणि रबरी बेलोज (घड्यांची नळकांडी) मुडपून राहत नाहीत. बॅटरी पूर्ण चार्ज करून तारा सोडवायच्या. भरलेली बॅटरी इथल्या कुठल्याही थंडीत गोठत नाही, उतरलेली मात्र शून्याच्या थोडं खालीच गोठून फुटते. टाकीत पेट्रोल खराब होऊ न देणारं स्टॅबिलायझर घालायचं. इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढून थर धरतं, हे आता भारतातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. यानमार किंवा व्होल्वो पेंटाचं बंद कूलिंगवालं डिझेल असलं की मालक निर्धास्त असतो, “माझ्यात कूलंट आहे” म्हणतो. कूलंट ब्लॉकमध्ये असतं. कूलंट गार करणाऱ्या हीट एक्सचेंजरच्या दुसऱ्या अंगाला, गाळणीत आणि मफलरमध्ये लेकचंच पाणी असतं.

सगळं झाल्यावर बोटीच्या बुडाचा प्लग काढून चावीसकट स्टिअरिंगला बांधतो. बुच न लावता बोट पाण्यात सोडणारे महाभाग दर मे महिन्यात रॅम्पवर भेटतात.

2016 मध्ये औद्योगिक भागात एक गाळा भाड्याने घेतला. त्याच सुमाराला एका मोठ्या स्टोरेज यार्डाने सगळ्या बोटींचं कंत्राट देऊ केलं. आकडा चांगला होता, गाळ्याचं भाडं त्यातच निघालं असतं. बोलणी एका बोटीला किती मिनिटं यावर येऊन थांबली. त्यांच्या हिशेबात तार घालायला जागा नव्हती आणि कार्ड तर त्यांना नकोच होतं, कारण मालकांनी नको ते प्रश्न विचारले असते. मी नाही म्हटलं. बायको दोन दिवस गप्प होती, मग म्हणाली, बरं केलंत. बोटींना प्लॅस्टिकचं आवरण चढवायचं कामही मधे सुरू केलं होतं. त्यात पैसा होता, पण वसंतात फाडलेल्या प्लॅस्टिकचे ढीग बघवेनात. ते बंद केलं.

2020 च्या उन्हाळ्यात टाळेबंदीला कंटाळलेल्या लोकांनी बोटी घेण्याचा सपाटा लावला. जुन्या, नव्या, दिसेल ती. त्यातल्या अनेकांना हिवाळ्याआधी इंजिनाचं काही करावं लागतं हेच माहीत नव्हतं. त्याचे परिणाम 2021 च्या मे महिन्यात आमच्या दारात आले. डिपस्टिक ओढली की तिला कॉफीच्या फेसासारखं तेल लागलेलं. मॅनिफोल्डच्या खाली, ब्लॉकच्या कडेला नखात अडकेल अशी आडवी चीर. कधी ती बाहेर दिसतही नाही, आत व्हॅलीत (व्ही-8 च्या दोन रांगांमधल्या खाचेत) असते आणि तेलात पाणी सापडल्यावरच कळते. असं इंजिन बदलायला हजारो डॉलर लागतात, आणि विमा गोठण्याचं नुकसान बहुधा धरत नाही, धरलाच तर काम व्यावसायिकाने केल्याचा पुरावा मागतो. तेव्हापासून आमचं कार्ड गिऱ्हाईक स्वतःहून मागून घेतं. टोरंटोकडची काही मराठी कुटुंबंही आता बोटी बाळगून आहेत. त्यांच्याकडून पैसे घेताना मला आधी अवघड वाटायचं, बायकोला वाटत नाही.

सध्या आम्ही चौघं आहोत. मी, बायको, माझा भाचा, आणि इथलाच एक मुलगा, जो तार माझ्यापेक्षा बरी घालतो. हंगामात जॉर्जियन कॉलेजातली एक-दोन मुलं अर्धवेळ येतात.

भाच्याचं आता निराळं चाललं आहे. त्याला गाळ्यामागची जागा घेऊन तापवलेली शेड बांधायची आहे. बोट आत आणा, पाणी काढायची कटकट नाही, भाडं दरमहा सुरू. त्याचं गणित चुकीचं नाही, टोरंटोची मंडळी त्यासाठी पैसे मोजतील. माझं म्हणणं, मार्च 2025 च्या अखेरीला ओरिलिया-बॅरी भागात पडताच गोठणाऱ्या पावसाच्या वादळाने झाडं आणि तारा पडल्या, ओरिलियात आणीबाणी जाहीर झाली, कित्येक घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती. हिवाळा संपत आला होता म्हणून निभावलं. हेच जानेवारीत झालं तर पाण्याने भरलेल्या पन्नास इंजिनांचं काय करायचं? तो म्हणतो, मामा, जनरेटर ठेवू. मी म्हणतो, शेड बांध, पण आत येणाऱ्या प्रत्येक इंजिनाचं पाणी काढलेलं पाहिजे. तो म्हणतो, मग शेडला जास्त भाडं कोण देईल? बायकोने दोघांकडून खर्चाचे आकडे लिहून मागितले आहेत. भाच्याचे आले, माझे अजून द्यायचे आहेत.